यरुशलेमच्या प्राचीन ज्यू मंदिरात मुख्य काय, वाद्य की गळा?

टाळकरी
बायबलातल्या 'पहिला इतिहास' या ग्रंथात दावीद राजा आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांना गाण्यावाजवण्याची सेवा नेमून देतो. २८८ तयारीचे लोक, २४ पाळ्या. एवढा बंदोबस्त कोणी शोभेसाठी करतं का? माझ्या मते वादन हीच उपासना होती. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि वाद्यं गप्प झाली. पारंपरिक सिनेगॉगात (ज्यूंच्या प्रार्थनागृहात) वाद्यं नसणं हा सिद्धांत नव्हे, ते सुतक आहे.

आडवाट
साफ असहमत. तो ग्रंथ बाबेलच्या बंदिवासानंतरचा, म्हणजे दावीदानंतर कित्येक शतकांनी लिहिलेला. पुढची व्यवस्था दावीदाच्या नावावर घातलेली असू शकते. मिश्ना या ज्यू नियमसंग्रहातला मंदिराचा रोजचा क्रम बघा: वेदीवर द्राक्षारस ओतताना झांज वाजे, लेवी (मंदिरसेवा करणारं कुळ) त्या दिवसाचं स्तोत्र म्हणत, मध्ये थांबले की कर्णे फुंकत आणि लोक दंडवत घालत. वाद्यं बलीला बांधलेली होती. वेदी गेली, कामही गेलं. शिवाय आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देवच म्हणतो, तुमच्या वीणा मला ऐकायच्या नाहीत.

टाळकरी
आमोसाला अर्धवट पकडू नका! पुढच्याच ओळीत तो न्याय पाण्यासारखा वाहू दे म्हणतो. राग वीणेवर नाही, गरिबाला नाडून वीणा छेडणाऱ्यावर आहे. आणि वाद्यं नुसती बलीपुरती असती, तर मिश्नाने किन्नोर नऊपेक्षा कमी नकोत, वर कितीही चालतील, नेवेल दोन ते सहा, झांज मात्र एकच, असा हिशेब कशाला ठेवला असता?
(मराठी बायबलात किन्नोर-नेवेल या तंतुवाद्यांसाठी 'सतार' आणि 'वीणा' येतात. वाचताना डोळ्यांपुढे आपली बैठक उभी राहते, ते वेगळंच.)

आडवाट
हिशेब समईच्या तेलाचाही ठेवतात. म्हणून तेल म्हणजे पूजा होत नाही.

रेवदंडेकर
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. तुमचा वाद तलमूदात (मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात) आधीच झालाय: गायनाचं मूळ तोंडात की वाद्यात? मूळ वाद्यात मानणाऱ्याच्या मते मंदिरातलं वादन शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशीही चालतं. आमच्याकडे नववर्षाचा दिवस शब्बाथला आला की शोफार (मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य) सुद्धा फुंकत नाहीत. पण एकोणिसाव्या शतकात आमच्याच लोकांनी बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. प्रार्थनेत नाही, प्रार्थनेबाहेर.

टाळकरी
म्हणजे हौस गेली नव्हती!

आडवाट
हौस म्हणा. उपासना म्हणू नका.