१९५० च्या दशकातली पॅरिश: परत आणण्यासारखं त्यात काय आहे?

शाहूपुरीकर

ईस्टरआधीचा पवित्र आठवडा जवळ आला की आपल्या कोल्हापुरातल्या कॅथलिक घरांत ठरलेला वाद सुरू होतो. वडीलधारे म्हणतात, लॅटिन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) होती तेव्हा चर्च भरलेलं असायचं. पोरं विचारतात, लॅटिन कळत कुणाला होती? माझं मत असं की पॅरिश (एका चर्चशी बांधलेला भाविकांचा समूह) उभी होती ती सामान्य माणसांच्या रोजच्या कामावर. ते काम गेलं, त्याची हळहळ खरी आहे.

चर्चमधला तांबड्या काचेतला अखंड दिवा घ्या. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे त्यात ऑलिव्ह तेल किंवा मधमाशीचं मेण. ऑलिव्ह मिळत नसेल तर बिशपांच्या संमतीने दुसरं तेल, शक्यतो वनस्पतीचं. आता खोबरेल घातलं तर काय होतं? ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि इथे डिसेंबरच्या रात्री पारा त्याच्या बराच खाली असतो. ज्योतीजवळचं तेल पातळ राहतं, कडेचं गोठतं, वात कोरडी पडते आणि पहाटे दिवा विझलेला सापडतो. म्हणून तिळाचं तेल मिसळायचं, वातीची जळकी टोकं रोज कातरायची, काजळलेली काच पुसायची. हे कुणीतरी वर्षभर, न चुकता करायचं.

वेदीसेवकाचं, म्हणजे मिस्सेत फादरना मदत करणाऱ्या मुलाचं, तसंच. साध्या मिस्सेला दोन मेणबत्त्या, गायनाच्या मोठ्या मिस्सेला सहा. लावताना क्रूसाजवळची आधी, विझवताना बाहेरची आधी. पहिलं वाचन झालं की जाडजूड मिस्सल (मिस्सेचा ग्रंथ) त्याच्या लाकडी बैठकीसकट वेदीच्या उजव्या टोकावरून डावीकडे न्यायचं: पायऱ्या उतरा, मधोमध गुडघा टेका, पुन्हा चढा. झगा लांब असला तर चढताना त्याची कड पायाखाली येते आणि दोन्ही हात ग्रंथात अडकलेले असतात. दहा वर्षांच्या मुलावर एवढी जबाबदारी टाकली जायची. आज त्याला आपण कुठलं काम देतो?

उद्यमनगर

दिव्याचं पटलं. पण भरलेल्या चर्चमधले किती जण परमप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घेत होते, हे वडीलधारे सांगत नाहीत. तो घ्यायचा तर मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही चालत नसे. नऊ-दहाच्या मिस्सेपर्यंत तसंच थांबणं म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना झेपणारं नव्हतं. ते भल्या पहाटेची मिस्सा गाठत, नाहीतर बाकावरच बसून राहत. फाउंड्रीत रात्रभर भट्टीसमोर घाम गाळणाऱ्याने पाणी प्यायचं नाही, हा नियम ज्याची झोप शांत झाली त्यालाच सोपा.

पोप बारावे पायस यांनी जानेवारी १९५३ मध्ये पाण्याला मोकळीक दिली, संध्याकाळच्या मिस्सेलाही वाट करून दिली. १९५७ मध्ये जेवण आणि दारू तीन तास आधी बंद, इतर पेयं एक तास. १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी सगळंच एका तासावर आणलं. मला हे बदल म्हणजे पॅरिशचं नुकसान वाटत नाहीत. कष्टकरी माणूस यांच्यामुळेच वेदीपर्यंत पोचला.

मंगळवार पेठ

त्यात भर. 'पूर्वी सगळं अखंड होतं, व्हॅटिकन परिषदेने (मिस्सा लोकांच्या भाषेत आणणाऱ्या बिशपांच्या परिषदेने) मोडलं' हे तारखांशी जुळत नाही. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाचा विधी तेव्हा शनिवारी सकाळी उरकला जाई. बाहेर लख्ख ऊन, आत फादर 'हीच ती रात्र' असं गाताहेत, आणि ऐकायला चार सेवक. हा विधी रात्री करण्याची मुभा १९५१ मध्ये प्रयोग म्हणून मिळाली आणि १९५६ च्या पवित्र आठवड्यापासून तो नियम झाला. परिषद सुरू झाली १९६२ मध्ये. आज ज्या रात्रीच्या विधीला आपलं चर्च भरतं, तो त्याच पन्नाशीच्या दशकातल्या दुरुस्तीचा भाग आहे.

शाहूपुरीकर

उपवासाचा नियम सैल झाला ते योग्यच, मी लॅटिन किंवा उपाशीपण परत मागत नाहीये. मी मागतोय ती तयारी. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी ग्लोरिया या स्तुतिगीताला घंटा वाजल्या की ईस्टरच्या जागरणातल्या ग्लोरियापर्यंत त्या गप्प, मधे फक्त लाकडावर लाकूड आपटायचं. पास्काच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीत धुपाचे पाच खडे क्रूसाच्या आकारात बसवायचे. मेणबत्ती खऱ्या मेणाची असेल तर मार्च-एप्रिलच्या उकाड्यात मऊ पडून वाकते. ती गार खोलीत आडवी, कापडात गुंडाळून ठेवावी लागते. आता तेल भरलेली प्लास्टिकची मेणबत्ती येते, तिला कुणी जपावं लागत नाही. माणसाचा संबंध तुटतो तो इथे.

कपिलतीर्थ

शाहूपुरीकर, तुम्ही कामाचं एवढं कौतुक करता, तर ते काम कुणाकुणाला करू दिलं जात होतं तेही लिहा. वेदीवरची कापडं शिवायची, कांजी करायची, इस्त्री करायची ती बायकांनी. पण कॉर्पोरल (पवित्र भाकर-पेल्याखालचं कापड) आणि प्युरिफिकेटर (पेला पुसायचं कापड) यांची पहिली धुलाई १९१७ च्या संहितेप्रमाणे दीक्षित पुरुषाने करायची, ते पाणी पवित्र जागी ओतायचं, मगच कापड बाईच्या हाती. मिस्सेला सेवक म्हणून बाई चालत नसे. पुरुष नसलाच तर तिने लांबून उत्तरं द्यायची, वेदीजवळ यायचं नाही. डोक्यावर पदर किंवा रुमाल सक्तीचा. मुलींना वेदीसेवेची परवानगी १९९४ मध्ये मिळाली, तीही बिशपांच्या मर्जीवर.

दुसरं, आपल्यातल्या बऱ्याच घरांची मुळं गोव्याची. तिथे कितीतरी गावांत सणाचा मान आणि कॉन्फ्रारियाचं (चर्चच्या धार्मिक मंडळाचं) सदस्यत्व जातीवर ठरायचं. तांबडा झगा कुणाचा, निळा कुणाचा, यावरून भांडणं झाली आहेत. २६ जुलै १९०२ चा राखीव जागांचा जाहीरनामा ज्या शाहू महाराजांच्या नगरीत निघाला, तिथे राहून या व्यवस्थेची हळहळ मला तरी वाटत नाही.

मिशन कंपाउंड

मी कॅथलिक नाही, म्हणून थोडक्यात. अमेरिकन मिशनरी वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले तेव्हापासूनची इथली प्रॉटेस्टंट परंपरा मराठीतली आहे, पुढे ना. वा. टिळकांची पदं घरोघरी गेली. भाषा कळते म्हणून चर्च आपोआप भरत नाही, हे आमच्याकडे पाहूनही समजेल. भाषेचा मुद्दा दोन्ही बाजूंनी फुगवला जातोय.

मंगळवार पेठ

सहमत. शिवाय कॅथलिकांकडेही मराठी काल-परवा आलेली नाही. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही ओवीबद्ध. मिस्सा लॅटिनमध्ये असली तरी प्रवचन आणि घरची जपमाळ लोकांच्या भाषेत असू शकत होती.

राखेचा बुधवार

एक प्रथा मात्र लगेच सुरू करता येईल, आणि ती मोडल्यामुळे दरवर्षी त्रासही होतो. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळाला लावायची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून घरीच करायची. झावळ्या कडक वाळलेल्या हव्यात, ओलसर असल्या की धूर होतो आणि राखेऐवजी काळे तुकडे उरतात. लोखंडी कढईत, उघड्यावर, थोड्या थोड्या जाळा. पूर्ण गार झाल्यावर खलबत्त्यात कुटा आणि मलमलीतून दोनदा चाळा. टोपलीभर झावळ्यांची मूठभर राख होते, त्यामुळे लोकांकडून जमवायला महिनाभर आधी लागा.

सगळ्यात महत्त्वाचं: राखेत पाणी घालून लगदा करू नका. राख क्षारयुक्त असते, पाण्यात ती कातडी जाळते; लहान मुलांच्या कपाळावर लाल चट्टे उठतात ते यामुळे. कोरडी वापरा, फार तर दोन थेंब तेल.

शाहूपुरीकरांच्या बाजूने मी एवढ्यापुरता आहे. कपिलतीर्थ यांचा आक्षेप मात्र मान्य करूनच हे करायला हवं. कढईपासून वेदीपर्यंत मुली आणि मुलगे दोघेही, आणि कुठल्या घराला मान असं काही नाही. झावळ्यांची टोपली चर्चच्या दाराशी ठेवा, आणेल त्याची घ्या.

कपिलतीर्थ

या अटीवर माझी टोपली पहिली. पण दिव्याचं वेळापत्रक लावाल तेव्हा त्यात फक्त बायकांची नावं दिसली, तर मी पुन्हा इथेच लिहीन.