नाताळ, ख्रिसमस, बडा दिन : शब्दचर्चा

चौकस :
सोसायटीच्या फलकावरून दर डिसेंबरात आमच्याकडे जुंपते. एक गट 'नाताळच्या शुभेच्छा' लिहितो, दुसरा 'नाताळाच्या' करून टाकतो. यंदा एका काकांनी तिसरीच काडी टाकली. त्यांचं म्हणणं, नाताळ हा मराठी शब्दच नव्हे, आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातून इंग्रजांच्या पलटणींबरोबर तो इकडे आला, तेव्हा शुद्ध मराठीत 'ख्रिस्तजयंती' लिहा. खरं काय आहे? आणि एवीतेवी विषय निघालाच आहे तर हेही सांगा, हिंदीवाले बडा दिन म्हणतात तो मोठा कसा? डिसेंबरात तर दिवस सगळ्यात लहान असतो.

शब्दकिडा :
काकांनी गाडी उलटी जुंपली आहे. सणाला प्रांताचं नाव नाही, प्रांतालाच सणाचं नाव मिळालं. वास्को द गामा १४९७ च्या डिसेंबरात आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याने वर सरकत होता. मध्येच नाताळ आला, म्हणून त्या किनाऱ्याचं नाव 'नाताल' पडलं. पुढे १८९४ मध्ये गांधीजींनी नाताळ इंडियन काँग्रेस स्थापली ती तिथलीच. ब्राझीलमध्येही नाताल नावाचं शहर आहे, ते २५ डिसेंबर १५९९ ला वसवलं.

शब्द पोर्तुगीज, आणि त्याच्या मागे लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्माचा. इटालियन नाताले, कॅटलान नादाल, वेल्श नादोलिग, आयरिश नोलिग आणि फ्रेंच नोएल ही सगळी त्याच मुळाची पोरं. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे हा शब्द राहिला. सिंहलीत 'नत्तल', इंडोनेशियात 'नाताल', गुजरातीत 'नाताल'. शेवटी ळ आपल्याकडे. माझा तर्क असा की पोर्तुगीज लोक शब्दाच्या शेवटचा ल जीभ मागे ओढून जाड उच्चारतात, तो मराठी-कोकणी कानाला ळ वाटला असावा. तर्कच आहे, पैज लावणार नाही.

परका म्हणून नाताळ काढायचा तर पगार, साबण, चावी, बटाटा, पाव, लिलाव, घमेलं हे सगळे त्याच गलबतातून उतरलेले आहेत. काकांना आधी पगार सोडायला सांगा. शिवाय 'ख्रिस्तजयंती'तला ख्रिस्त तरी कुठे आपला? ग्रीक 'ख्रिस्तोस', म्हणजे अभिषिक्त, तेल लावून नेमलेला. हिब्रूतल्या 'मशीआख'चं ते भाषांतर, ज्याचा आपण अरबीवाटे मसीहा केला. 'एक्समस' लिहिलं की काही जण चिडतात, ख्रिस्ताचं नाव काढून टाकलं म्हणून. तो एक्स म्हणजे ग्रीक 'खी' हे अक्षर, ख्रिस्तोसचं आद्याक्षर. नाव काढलेलं नाही, आखूड केलं आहे.

पूर्वेकडची :
मी काही वर्षं कोलकात्यात होते. तिथे 'बॉडोदिन' म्हणतात आणि अठरापगड लोक तो साजरा करतात. न्यू मार्केटमध्ये नाहूमचं दुकान आहे, बगदादी ज्यू कुटुंबाने १९०२ मध्ये काढलेलं. ख्रिस्ती सणाचा फ्रूटकेक, भट्टी ज्यू माणसाची, आणि रांगेत मुख्यतः बंगाली हिंदू नि मुसलमान. मोठा दिवस म्हणजे महत्त्वाचा दिवस, असाच अर्थ मी तिथे ऐकला. इथून पुढे दिवस मोठा होऊ लागतो असंही काही जण सांगतात.

शब्दकिडा :
दुसरा अर्थ मागाहून चिकटवलेला असला तरी अगदीच निराधार नाही. जुन्या रोमन पंचांगात हिवाळ्याचा सगळ्यात लहान दिवस २५ डिसेंबरच धरत.

खोडसाळ :
म्हणजे सूर्याचाच सण उचलला की! सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोमला अजिंक्य सूर्याचं देऊळ बांधलं, त्याचा उत्सव २५ डिसेंबरचा, तोच ख्रिस्ती लोकांनी ढापला. विषय संपला.

शब्दकिडा :
इतक्यात नाही संपत. बायबलमध्ये जन्माची तारीखच नाही, इथपर्यंत तुमचं बरोबर. २५ डिसेंबरचा जुना पक्का पुरावा रोममधल्या ३५४ सालच्या एका पंचांगवजा संग्रहात मिळतो, आणि त्यातली नोंद ३३६ च्या सुमाराची मानतात. गंमत म्हणजे सूर्याचा २५ डिसेंबरचा उत्सवही त्याच संग्रहात आहे, तेव्हा कोणी कोणाचं घेतलं ते त्यावरून ठरत नाही. दुसरं मत हिशेबाचं. जुन्या ख्रिस्ती परंपरेत ख्रिस्ताचा मृत्यू २५ मार्चचा धरला, गर्भधारणाही त्याच तारखेची मानली, आणि तिथून नऊ महिने मोजले. अभ्यासकांत दोन्ही मतांचे लोक आहेत. मला हिशेबाचं मत जास्त पटतं. तिथीवर तिथी बसवायची हौस सगळ्याच धर्मांतल्या शास्त्री मंडळींना असते.

वसईकर :
तारखा राहू द्या, आमच्या तोंडातले शब्द बघा. आमच्या घरी कादोडी बोलतात. रात्रीच्या प्रार्थनेला आम्ही मिस्सा म्हणतो. हा शब्द आणि ख्रिसमसमधला 'मस' एकच. जुन्या इंग्रजीत 'क्रिस्तेस मेसे', ख्रिस्ताची मिस्सा. लॅटिन विधीच्या शेवटी धर्मगुरू 'इते, मिस्सा एस्त' म्हणत, साधारण अर्थ 'जा, निरोप दिला आहे'. त्या निरोपाच्या शब्दावरून सगळ्या विधीलाच नाव पडलं. म्हणजे ख्रिसमस म्हणणारा आणि मिस्सेला जाणारा, दोघे एकाच शब्दाने बोलतात, फक्त एकाला पत्ता नाही.

पोर्तुगीजांत या मिस्सेला 'मिसा दु गालू' म्हणतात, कोंबड्याची मिस्सा. आमच्याकडे मध्यरात्रीची मिस्सा. हल्ली मैदानात मिस्सा असली की ध्वनिक्षेपकाच्या दहाच्या नियमामुळे कित्येक ठिकाणी ती आधीच उरकते. घरी येऊन जेवून झोपलो तरी बारा वाजलेले नसतात, पण नाव मध्यरात्रीचीच.

क्रिबला, म्हणजे ख्रिस्तजन्माच्या देखाव्याला, आम्ही गोठा म्हणतो. बायबलच्या मराठी भाषांतरात बाळाला 'गव्हाणीत' ठेवलं आहे आणि ज्याच्या घरी बैल होते त्याला गव्हाण समजावून सांगावी लागत नाही. गोठा करायची चाल संत फ्रान्सिसची, १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात त्याने खरा बैल आणि गाढव उभं करून देखावा केला होता.

फराळातला कुलकुल मात्र नीट सांगतो, कारण बाजारचे कुलकुल खाऊन लोक मत बनवतात. मैदा, मूठभर रवा, साखर, चिमूट मीठ, तूप आणि नारळाचं दूध घालून घट्ट मळायचं आणि झाकून ठेवायचं. बोराएवढी गोळी घ्यायची. काट्याच्या पाठीला तेलाचं बोट फिरवून गोळी तिच्यावर अंगठ्याने दाबत पसरायची, म्हणजे खालून रेघा उठतात. मग एका कडेने गुंडाळत आणायची. शेवट नीट चिकटला नाही तर तेलात सुटतो आणि सपाट पापडी हातात येते. पूर्वी काट्याऐवजी कोरी फणी वापरत, सणासाठी वेगळी आणलेली. तळून साखरेच्या पाकात घोळवले की झालं. गोव्यात यालाच किडयो म्हणतात, म्हणजे किडे, आणि आकार बघितलात तर नाव पटेल.

मांडवीकाठ :
गोव्यातून भर घालतो. कोकणीत बहुधा अनेकवचन चालतं, 'नातालां'. ताटात दोदोल, बिबिंक, पेराद, चण्याच्या डाळीचा दोस, आणि नेवऱ्या. या नेवऱ्या शेजारच्या हिंदू घरात चवथीला होतात, फार तर सारणात फरक. मिठायांचं ताट शेजाऱ्यांना पाठवतात त्याला 'कोन्सुआद' म्हणतात. पोर्तुगालमध्ये 'कोन्सुआदा' म्हणजे २४ च्या रात्रीचं घरचं जेवण, खारवलेल्या बाकल्याव माशाचं. तिथलं जेवण इथे येऊन वाण झालं. चांदणीच्या कंदिलाला आमचा शब्द 'नखेत्र', सरळ नक्षत्रावरून आलेला, त्यात पोर्तुगीज काही नाही.

व्रोत्सवाफहून :
चांदणीवरून आठवलं. मी पोलंडमध्ये नोकरीला आहे. इथे २५ पेक्षा २४ ची संध्याकाळ मोठी, नाव 'विगिलिया', म्हणजे जागर. जेवायला कधी बसायचं ते घड्याळ ठरवत नाही. आकाशात पहिली चांदणी दिसली की बसायचं, म्हणून पोरं चारपासून खिडकीला नाक लावून असतात. ढग असले की आई-बाप जाहीर करतात, दिसली. टेबलक्लॉथच्या खाली थोडं सुकं गवत पसरतात, वसईकरांच्या गव्हाणीसाठी. बारा पदार्थ, मांस वर्ज्य, त्यामुळे मासा, बीटचं सार, कोबी-अळंबीचे पिएरोगी. जेवणाआधी 'ओप्वातेक' नावाची पातळ पांढरी वडी घेऊन प्रत्येकाने प्रत्येकाच्या वडीचा तुकडा मोडून खायचा आणि शुभेच्छा द्यायच्या. आठ माणसं असली तर ही मोडामोडी बराच वेळ चालते आणि सूप गार होतं. एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्यासाठी. सहकाऱ्याकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आगाऊ कळवलेलं होतं, म्हणून मला ते मिळालं नाही, माझं वेगळं होतं. जास्तीचं रिकामंच राहिलं.

शेजारी जर्मनीत 'वाइनाख्टन' म्हणतात, पवित्र रात्री. तिथे भेटवस्तूही २४ च्या संध्याकाळीच देतात. स्वीडन-नॉर्वेत 'युल', हा तर ख्रिस्ती धर्म पोचण्याआधीचा हिवाळी सणाचा शब्द, तसाच ठेवला.

खोडसाळ :
आणि ७ जानेवारीवाले? ते उशिरा उठतात का?

शब्दकिडा :
त्यांच्याही पंचांगात २५ डिसेंबरच असतो. रशियन चर्च जुनं ज्युलियन पंचांग पाळतं, ते आपल्यापेक्षा १३ दिवस मागे आहे. युक्रेनने २०२३ पासून सरकारी सुट्टी २५ डिसेंबरला आणली, त्याला युद्धाचं कारण आहे. इथिओपियात 'गन्ना', म्हणजे तिथला नाताळ, बहुतेक ७ जानेवारीला येतो, आर्मेनियात ६ जानेवारी. गोव्यात ६ ला तीन राजांचं फेस्त असतं, चांदरला आणि रेइश मागुशला, ते वेगळं.

वसईकर :
सांताक्लॉजला मराठीत 'नाताळबाबा' म्हणतात, तो कोणीच घेतला नाही अजून.

शब्दकिडा :
घेतो. मूळ संत निकोलस, मायराचा बिशप, आजचं तुर्कस्तानातलं देमरे. डच लोक त्याला 'सिंटरक्लास' म्हणत, न्यूयॉर्कला जाता जाता सांताक्लॉज झाला. हॉलंडमध्ये अजूनही ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी आणणारा तोच. त्यामानाने नाताळबाबा हे नाव फार बरं, गाडगेबाबांच्या पंगतीत बसेल असं.

आता चौकसचा मूळ प्रश्न, जो सगळे विसरले. नाताळ पुल्लिंगी. व्याकरणाप्रमाणे पगार-पगाराचा, साबण-साबणाचा, तसं नाताळ-नाताळाचा व्हायला हवं, आणि ते चूक नाही. पण काळ दाखवणाऱ्या शब्दांना आपण 'चा' लावताना बरेचदा मध्ये आ घालत नाही. रविवारचा पेपर, डिसेंबरची थंडी, एप्रिलच्या परीक्षा. नाताळ तिकडे गेला, म्हणून 'नाताळची सुट्टी'. मात्र 'त' लावताना आ परत येतो, 'डिसेंबरात', तसं 'नाताळात'. नाताळच्या सुट्टीत गोव्याला गेलो आणि नाताळात गोवा महाग असतो, दोन्ही एकच माणूस म्हणतो. फलकावर 'नाताळच्या शुभेच्छा' लिहा. 'ख्रिस्तजयंती' प्रॉटेस्टंट मंडळ्यांत चालतो, चर्चच्या पत्रिकेवर शोभतोही, पण बोलताना कोणी 'ख्रिस्तजयंतीचा केक आण' म्हणत नाही.

चौकस :
काकांना पगाराचं सांगितलं. ते निवृत्त आहेत, म्हणाले सोडला कधीच. फलक 'नाताळच्या'वर ठरला. वसईकर, कुलकुलाचं प्रमाण टाका, अर्धा किलो मैद्याला नारळाचं दूध किती?

वसईकर :
मोजून कोण घालतं! कणीक पुरीपेक्षा घट्ट राहील इतपत. अर्ध्या किलोला एका नारळाचं जाड दूध काढून ठेवा आणि थोडं थोडं घाला, उरलं तर दोदोलला लागेल.