मदत हवी आहे: उन्हाळ्यात सूर्य जवळ येत नाही, हे आठवीच्या लेकरांना कसं पटवू?

नमस्कार मंडळी, परभणी जिल्ह्यात खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवते. उन्हाळा का होतो विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात, मॅडम सूर्य जवळ येतो, चुलीपाशी बसलं की पोळतंय ना तसं. म्हणून फळ्यावर लिहून दाखवलं की पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, १४.७ कोटी किमी, अन् जुलैत सगळ्यात लांब, १५.२ कोटी. मग पृथ्वीच्या आसाचा २३.५ अंशांचा कल घेतला, आलेख कागदावर टॉर्च सरळ धरली तिरकी धरली, उजेडातले चौकोन पोरांनीच मोजले, तिरक्या उजेडात चौकोन जास्त भरले म्हणजे तीच उष्णता पसरली, इथपर्यंत मस्त जमलं.

गाडी अडली ती एका मुलीच्या प्रश्नावर. २१ जूनला सूर्य सगळ्यात वर ना, मग ऊन मे मध्येच का जास्त? किती नेमका प्रश्न आहे! नुसतं तोंडी उत्तर द्यायचं नाहीये, मैदानात काठी रोवून सावली मोजून घ्यायचीय. कोणत्या तारखांना मोजावी अन् किती वाजता? प्लीज कुणीतरी सांगा.

प्रतिसाद:
मॅडम, २१ जूनला परभणीत सूर्य डोक्यावर नसतोच, भर दुपारी तो थोडा उत्तरेला गेलेला असतो. कर्कवृत्त २३.५ वर अन् परभणी १९.३ अंशांवर, त्यामुळं आपल्याकडं तो दोनदा डोक्यावर येतो, १७ मेच्या आसपास अन् परत जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. जुलैत ढग असतात, रान ओलं असतं, बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते. मे मध्ये काळी जमीन भेगाळलेली, आभाळ कोरडं, सगळं ऊन थेट तापवतं. तुमच्या मुलीला हे नक्की पटेल.

एक मीटर काठी घ्या. २१ जूनला सावली दक्षिणेला जेमतेम ७ सेंमी पडेल, २२ डिसेंबरला उत्तरेला ९२ सेंमीच्या आसपास. १७ मेला सुट्टी असते पण लेकरं गावातच असतील तर अंगणात करायला सांगा, सावली बुडाशीच गायब होते. घड्याळात बाराला मोजू नका, आपली वेळ ८२.५ रेखांशाची आहे अन् परभणी त्याच्या पश्चिमेला, म्हणून खरी दुपार साडेबाराच्या अलीकडं होते. बारा ते पाऊण दर पाच मिनिटाला टोकाशी खूण करा, सगळ्यात आखूड सावली तीच धरा. अन् काठी ओळंबा लावून उभी करा, जराशी कलली तरी जूनचे ते ७ सेंमी चुकतात.