भावना सांगायला शब्दच कशाला हवेत?

सावली (धागा)
रडणाऱ्या, चिडलेल्या मुलाला "काय झालं ते नीट सांग" म्हणणं बंद करायला हवं, असं माझं ठाम मत आहे. रागाच्या भरात मोठ्यांनाही शब्द सुचत नाहीत, मग उशिरा बोलू लागलेल्या मुलाकडून ती अपेक्षा का? त्यापेक्षा हाताशी वस्तू ठेवा. सँडपेपरचा तुकडा म्हणजे राग, मऊ फर म्हणजे 'जवळ घे', गुळगुळीत गोटा म्हणजे 'मला एकटं राहू दे'. मुलाने वस्तू हातात दिली की आपण तसं वागायचं. दिसत नाही आणि ऐकूही येत नाही अशा मुलांशी वस्तूंमधून संवाद साधण्याची पद्धत नेदरलँड्सच्या यान फान डाइक यांनी रुजवली, तीही 1960 च्या दशकापासून.

निरंजन_क
इथेच गल्लत होतेय. चमचा दिला की जेवण, टॉवेल दिला की आंघोळ, हे मुलाला कळतं, कारण ती वस्तू त्या कामात रोज त्याच्या हातात असते. रागात कोणती वस्तू हातात असते? खरखरीत म्हणजे राग हे ठरवलं तुम्ही. कित्येक मुलांना खरखरीत स्पर्शच आवडतो आणि फरला हात लागला की अंगावर काटा येतो. शिवाय वस्तू देऊन काम भागलं, तर मूल बोलायचे कष्ट घेईल का?

मीरा (विशेष शिक्षिका)
शेवटची भीती तरी सोडा. विकासात अडचणी असलेल्यांवरच्या अभ्यासांचा 2006 मध्ये आढावा घेतला गेला. त्यातल्या नेटक्या प्रयोगांमधल्या 27 जणांपैकी बोलण्याऐवजी वापरायच्या पर्यायी साधनांमुळे एकाचंही बोलणं घटलं नाही. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच.

वस्तू मात्र मुलानेच निवडावी, हे अगदी मान्य. आणि ओळख करून द्यायची ती शांत वेळी. आधी आपण वापरायची: "मी आज वैतागलेय" म्हणत आपणच सँडपेपरवर बोट फिरवायचं. ऐन आकांतात नवीन काही शिकवू नये. माझ्या वर्गात अशा वस्तूंच्या पेटीत एक रिकामी डबीही असते, 'यातलं काहीच नाही' असं सांगायला. एक मुलगा फर ढकलतो, गोटा ढकलतो, डबी माझ्या तळहातावर दाबून धरतो आणि माझी बोटं स्वतःच्या हाताने मिटवतो. मी विचारणं थांबवलं की दोन मिनिटांत खांदे खाली येतात. माझ्या लेखी पेटीतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच.

निरंजन_क
डबी पटली. पण तुम्ही जाणकार आहात, घरोघरी काय होईल? 1990 च्या दशकात न बोलणाऱ्या मुलाचा हात धरून की-बोर्डवर टाइप करवून घ्यायची लाट आली होती. मग मुलाला एक आणि मदतनिसाला दुसरं चित्र दाखवून तपासलं, तर टाइप झालं मदतनिसाने पाहिलेलं. मदतनीस खोटारडे नव्हते, ते मुलाचंच म्हणणं आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. गोटा नुसता चाचपणाऱ्या मुलाला "अच्छा, एकटं राहायचंय" म्हणत बाजूला बसवणारे पालक मला दिसतायत.

सावली
हात धरायचा नाही, वस्तू पुढे सरकवायची नाही, हा नियम मी धाग्यात लिहायला हवा होता, तो आता जोडते. चाचपणं आणि देणं यातला फरक पालकांना शिकवता येतो. तो शिकवायचं सोडून पेटीच नको, हे मला मान्य नाही. ज्याला आज एकही शब्द बोलता येत नाही, त्याने तोवर काय करायचं?