लायब्ररीतले लेखकांचे कार्यक्रम म्हणजे परदेशात कोंडून घेणं?

बुधवारकर
कालच्या पोस्टवर दोन ओळींत उत्तर देणं जमेना म्हणून वेगळा धागा काढतोय. तिथे एकाने लिहिलंय की पॅरिसच्या अमेरिकन लायब्ररीतले लेखकांचे कार्यक्रम म्हणजे दहा वर्षं राहूनही ज्यांना फ्रेंच येत नाही त्यांचा अड्डा, बंद पडले तरी कुणाचं काही अडणार नाही. वाचून डोकंच फिरलं.

मी 2016 ला इथे आलो. ऑफिस सुटलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. एका बुधवारी पावसात एकोल मिलितेर मेट्रो स्टेशनला उतरून त्या लायब्ररीत गेलो, खुर्च्या भरलेल्या, एका आजींनी शेजारच्या खुर्चीवरची छत्री उचलून मला बसायला सांगितलं. त्यांच्या वहीत त्या दिवशीच्या लेखिकेला विचारायचे प्रश्न आधीच लिहून आणलेले, दोन खोडलेले. कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास बोललो. त्या फ्रेंच होत्या हो! अड्डा कुणाचा मग?

आणि ही लायब्ररी आजची नाही, 1920 ची आहे, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांसाठी पाठवलेल्या पुस्तकांतून उभी राहिलेली. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं आणि ज्यू वाचकांना यायची बंदी झाली, तेव्हा इथल्या लोकांनी पुस्तकं त्यांच्या घरी नेऊन दिली.

सेनकाठ
ती पोस्ट माझीच, आणि माझं मत तेच आहे. इतिहास मोठा आहे म्हणून आजचं सगळं बरोबर ठरत नाही. पॅरिसच्या म्युनिसिपल लायब्रऱ्यांत पुस्तकं घरी न्यायला एक पैसा लागत नाही, तिथेही लेखक येतात, त्या सोडून वर्षाची फी भरून इंग्रजीत का बसायचं? मी पहिल्या वर्षी मुद्दाम फ्रेंच कार्यक्रमांना जायचो, निम्मं डोक्यावरून जायचं, पण दुसऱ्या वर्षी बेकरीवाल्याशी भांडता यायला लागलं.

बुधवारकर
फी पुस्तकं न्यायला, लेखकाला ऐकायला कुणीही येऊ शकतं. आधी चौकशी तरी करायची.

पुणेरी_ताई
दादा, तुम्ही दोघं भाषेवर भांडताय. आपल्या पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 ला वसंत व्याख्यानमाला सुरू केली, लोक ऐकायला म्हणून येतात, बस. परदेशातल्या आपल्या लोकांची ती सवयच मोडलीय. आमच्या मंडळाने (नाव घेत नाही) एका कवींना बोलावलं, ते तिसरी कविता वाचत होते आणि मागे पुऱ्या तळायला घेतल्या! वास आला तशा मागच्या दोन रांगा उठून ताटं घेऊन उभ्या. कवी थांबले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी मान वर करू शकले नाही.

ढोलताशा_फॅन
ताई, जेवण ठेवलं नाही तर हॉल रिकामा राहतो, हे मी आपल्या मंडळाच्या कमिटीत चार वर्षं राबून सांगतोय. पोरं सांभाळून, दोन ट्रेन बदलून माणसं येतात, त्यांना उपाशी बसवून कविता ऐकवायच्या?

पुणेरी_ताई
उपाशी कोण म्हणालं? कविता संपल्यावर तळा ना! दहा मिनिटांचा प्रश्न होता.

ढोलताशा_फॅन
दहा मिनिटं म्हणणाऱ्यांनी एकदा कढईसमोर उभं राहून बघावं. नव्वद माणसांच्या पुऱ्या, हॉलची चावी साडेनऊला परत द्यायची. कवी चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाले ते कुणी बोलत नाही, बोलणी खायची ती स्वयंपाकातल्यांनी.

पुणेरी_ताई
हे मला माहीत नव्हतं. तरीपण माणूस बोलत असताना उठायचं नाही, एवढं मोठ्यांना कळायला हवं.

नाशिकची_पेटी
पुऱ्या बाजूला ठेवा जरा. दुबईत असताना आमच्याकडे कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पुस्तकांची पेटी होती. ती आमच्याच घरातल्या हॉलमध्ये, चपलांच्या स्टँडशेजारी. पुस्तक बदलायला आलेली माणसं चहाला थांबायची आणि वाचलेलं सांगत बसायची. वक्ता नाही, माइक नाही. सासूबाई भारतातून आल्या की दार उघडायला त्याच धावायच्या, कारण दिवसभरात मराठी बोलायला तेवढेच लोक.

सेनकाठ
हे पटतं. माझी आई तीन महिने राहून गेली तेव्हा खिडकीतून ट्राम मोजायची. तिच्यासाठी असं काही असतं तर मी पोचवायला गेलो असतो, हे कबूल. पण तिशीतल्या, नोकरी करणाऱ्या माणसाने तिथेच अडकून राहू नये, यावर मी ठाम आहे.

बुधवारकर
मग अड्डा हा शब्द मागे घे. तिथे बसणाऱ्यांत तुझ्या आईच्या वयाची माणसं खूप असतात.

सेनकाठ
शब्द घेतला मागे. मत नाही.

ढोलताशा_फॅन
पेटीचं पॅरिसमध्ये कोण बघणार असेल तर सांगा. हॉलमधल्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, ते रिकामं आहे. फक्त चहा असेल, पुऱ्या नाहीत.