प्रतिसाद: व्हेरा बेटावरचे महापाषाण, दगडफूल आणि कालमापन

वर विचारलंय की रशियातल्या उरल पर्वतभागात तुर्गोयाक सरोवरातल्या व्हेरा बेटावरचे महापाषाण (प्रचंड शिळांची बांधकामं) तारेच्या ब्रशने घासून, त्यांचंच कार्बन कालमापन का करत नाहीत.

दगडाचं कार्बन कालमापन होत नाही. त्याला कोळसा, हाड असं सेंद्रिय काहीतरी लागतं. इथे गोची अशी की १९व्या शतकात बेटावर जुन्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. त्यामुळे कोळसा जमिनीच्या कुठल्या थरातला, हे नोंदवलं नसेल तर आलेली तारीख त्यांच्या चुलीची असू शकते, बांधकामाची नव्हे. शिळेखालच्या मातीचं प्रकाशदीप्ती कालमापन (मातीच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं ते मोजणं) हा दुसरा मार्ग. नमुना अपारदर्शक नळी ठोकून घ्यायचा. ऊन लागलं की वाया.

ब्रश तर नकोच. दगडफूल (हो, गोड्या मसाल्यातल्याचेच भाऊबंद) खडकात रुतलेलं असतं, खरवडलं की वरचा पापुद्राही निघतो. ॲसिड आणि सिमेंटही नको. सिमेंट पाणी अडवतं. उरलच्या थंडीत ते पाणी गोठून फुगतं आणि शेजारचा दगड फुटतो.

बेटावरची सर्वात मोठी वास्तू सुमारे १९ × ६ मीटर. आधी फोटोंवरून त्रिमितीय नोंद करा: लगतच्या फोटोंत ७०-८० टक्के सामायिक भाग, चौकटीत मोजपट्टी, ढगाळ उजेड. मुंबईकरांनी सराव बोरिवलीला एक्सरच्या वीरगळांवर करावा. मात्र झिजलेलं कोरीवकाम वाचायला तिरपा उजेडच लागतो, तेव्हा दोन फेऱ्या धरा. खडूने रेषा ठळक करू नका, प्लीज.