आठवी-नववीच्या मुलांना हॉकी शिकवायची आहे, सुरुवात कुठून करू?

विक्रोळीचे_सर

नमस्कार मंडळी. मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. यंदा खेळाचे तासही माझ्याकडे आलेत. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला १४ हॉकी स्टिक दिल्या आणि मुलं रोज विचारतात, "सर, कधी?" वर्गात ४२ मुलं-मुली, तास ३५ मिनिटांचा, पटांगणात पेव्हर ब्लॉक. मी स्वतः खो-खो खेळलोय, हॉकी फक्त टीव्हीवर पाहिली. टोकियो आणि पॅरिसच्या दोन ब्राँझनंतर मुलांना खरंच ओढ लागली आहे, ती वाया जाऊ द्यायची नाही. पहिल्या महिन्यात काय शिकवू?

निवृत्त_क्रीडाशिक्षिका

सर, एक गोष्ट आधी सांगते, बाकीचं मागून. पहिला महिना हिट, म्हणजे स्टिक मागे उचलून जोरात मारणं, बंद. स्टिक गुडघ्याच्या वर गेली की त्या मुलाने स्टिक खाली ठेवून बाजूला बसायचं. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी पहिल्याच तासाला मुलांना जोरात मारू दिलं. मागे उभ्या असलेल्या मुलाच्या हनुवटीला स्टिकचं टोक लागलं, तीन टाके पडले. त्याच्या आईसमोर उभी राहिले तो दिवस अजून आठवतो. चूक माझीच होती, मुलांची नव्हे. आपल्याकडची मुलं क्रिकेटवर वाढलेली, हातात काठी आली की ती फिरवणारच. आणि हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे सीझन बॉलच्याच वजनाचा. पहिले पंधरा दिवस टेनिस बॉल वापरा.

आता हात. डावा हात वर, दांड्याच्या टोकाला, हाताची पाठ समोर. उजवा हात खाली, मधल्या भागावर. क्रिकेटमधला उजवा फलंदाजही डावा हात वरच ठेवतो, त्यामुळे मुलांना हे पटकन जमतं. फरक इतकाच की बॅटवर दोन्ही हात चिकटून असतात, इथे अंतर हवं. स्टिक फिरवायची ती डाव्या मनगटाने. उजवा हात बांगडीसारखा सैल, दांडा त्याच्या आत फिरला पाहिजे. हे तोंडी सांगून कोणाला कळत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून दीड-दोन इंची प्लॅस्टिक पाइपचे वीतभर तुकडे कापून आणा, कडा घासून घ्या. तुकडा दांड्यावर चढवायचा आणि उजव्या हाताने दांडा न धरता पाइप धरायचा. डावं मनगट वळलं की स्टिक पाइपमध्ये गरकन फिरते, तिची सपाट बाजू (दुसरी गोलसर असते) एकदा चेंडूच्या उजवीकडे, एकदा डावीकडे. पाइप धरलेला हात गप्प. चार-पाच तासांत मुलांच्या हाताला ते कळतं, मग पाइप काढून टाका.

मारण्याआधी अडवणं शिकवा. तीन मुलांत एक स्टिक: एक जण हाताने चेंडू घरंगळत सोडतो, दुसरा अडवतो, तिसरा मोजतो. दहा झाले की बदली. तुमच्या १४ स्टिकमध्ये ४२ मुलं बरोब्बर बसतात, कोणी रिकामं राहत नाही. अडवताना दांड्याची मूठ जराशी पुढे झुकलेली हवी, म्हणजे चेंडू स्टिकखाली दबतो, उडत नाही. गुडघे वाकलेले, नजर चेंडूवर. चेंडू लागताना हात किंचित मागे घ्यायचे, वरून टाकलेलं अंडं झेलतो तसे. ज्याला चेंडू थांबवता येत नाही त्याला पास देण्यात अर्थ नसतो, म्हणून मी यावर दोन आठवडे घालवायची. त्यानंतर पुश: चेंडू स्टिकला टेकलेला, आवाज न करता ढकलायचा.

पेव्हर ब्लॉकवर चेंडू सांध्यांवर उडतो. व्हरांड्यात शहाबादी फरशी असेल तर तिथे घ्या. आम्ही अख्खा पावसाळा व्हरांड्यातच काढायचो.

नियम सुरुवातीला तीनच. चेंडूला फक्त सपाट बाजू लागली पाहिजे. पायाला चेंडू लागू द्यायचा नाही. पाठ करून समोरच्याला अडवायचं नाही. हा तिसरा कबड्डीवाल्या पोरांना फार जड जातो, शिट्टी वाजवत राहा. डी (गोलसमोरचं अर्धवर्तुळ), पेनल्टी कॉर्नर वगैरे नंतर. अकरा-अकराचा सामना तर आत्ता नकोच. चार विरुद्ध चार, छोटं मैदान, प्रत्येकाच्या स्टिकला चेंडू लागला पाहिजे.

जुना_गोली

बाईंनी सगळं नेमकं सांगितलंय. माझी भर गोलकीपरपुरती: पॅड, हेल्मेट नसताना कोणालाही गोलात उभं करू नका. दोन दप्तरं ठेवून अरुंद गोल करा, गोली नको. खरा चेंडू आला की प्रत्येकाला नडगीसाठी शिनगार्ड हवेच, दातांसाठी माउथगार्डही. स्टिकची उंचीही बघा. उभं राहिल्यावर साधारण कमरेच्या हाडापर्यंत यावी. मोठ्यांच्या साडेछत्तीस इंची स्टिक तेरा वर्षांच्या मुलाला दिल्या की त्याचे कोपर वर जातात आणि सगळी ढब बिघडते.

आणि एकदा तरी मुलांना चर्चगेटला महिंद्रा स्टेडियमवर सामना दाखवायला न्या. ओल्या टर्फवर (कृत्रिम गवतावर) चेंडू कसा सरपटतो ते पाहिलं की व्हरांड्यातला सराव कशासाठी होता ते त्यांना उमगेल. धनराज पिल्लेबद्दलही सांगा. खडकीत मोडक्या स्टिकने शिकलेला मुलगा मुंबईत येऊन खेळला आणि चार ऑलिम्पिक, चार वर्ल्ड कप गाठले.

विक्रोळीचे_सर

बाई, गोलीदादा, मनापासून आभार. पाइप आणले, कानशीने कडा घासल्या. काल पहिला तास झाला. एक अडचण: नववीतली एक मुलगी डावखुरी आहे, क्रिकेटमध्येही डावीच खेळते. ती उलटे हात धरते. डावखुऱ्यांची स्टिक कुठे मिळेल?

निवृत्त_क्रीडाशिक्षिका

मिळणार नाही सर, नियमातच बसत नाही. सपाट बाजू सगळ्यांच्या स्टिकला डावीकडेच असते. पण तिला तोटा झाला असं समजू नका. हॉकीत स्टिक फिरवण्याचं सगळं काम वरच्या डाव्या हाताचं, आणि तिचा तोच हात तयार आहे. उजव्या मुलांना जे मनगट महिनाभर घडवावं लागतं ते तिच्याकडे आयतं आहे. आठवडाभर तिला अवघडल्यासारखं होईल, चिडेलही. त्या आठवड्यात चेंडू देऊ नका, फक्त पाइप लावून स्टिक फिरवू द्या. आणि फिरवायला लागली की वर्गाला दाखवण्यासाठी तिलाच पुढे उभी करा.